पन्नाशीची वाट पाहणाऱ्या गाड्या

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा यात्रा भरते. देव म्हसोबाचा, पण शेतकऱ्याची पावलं आधी वळतात ती बैलबाजाराकडे. नांगराच्या बैलाचा भाव तिथे दातांवर ठरतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. जुळल्यानंतर वय वाढेल तसा भाव उतरत जातो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. शर्यतीच्या बैलाचं गणित मात्र निराळं. त्याची पैदास विचारली जाते, कुठल्या मैदानात कितवा आला ते विचारलं जातं आणि नांगराच्या कितीतरी जोड्या येतील एवढे पैसे त्या एकट्याला मोजले जातात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा हाच बैल मालकाला जड झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला आणि भाव पुन्हा लाखांत गेले. मधल्या काळात बैलांच्या पायातला जोर कमी झालेला नव्हता. बदलला होता तो कायदा.

जुन्या वेगवान गाड्यांची किंमत पुढे टिकेल का, हा प्रश्न कुणी काढला की मला हा बाजार आठवतो. कारण या प्रश्नाचं उत्तर इंजिनात जेवढं आहे त्याहून जास्त ते कागदात, कायद्यात आणि त्या गाडीवर काम करू शकणाऱ्या हातांत आहे.

पावसाळा सरला की रविवारी सकाळी कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेजच्या दिशेने मुंबई-ठाण्याच्या हौशी मंडळींच्या गाड्या निघतात. त्यात नव्या पोर्शे आणि मस्टँग असतात, तशा काटेकोर जपलेल्या जुन्या गाड्याही. सरळगाव, टोकावडे मागे पडतं, डाव्या-उजव्या अंगाला डोंगर जवळ येतात आणि वळणं सुरू होतात. तिकडे शहापूरच्या बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा घाट. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यातूनच तो जातो. घाईची वाहनं बोगद्यातून काही मिनिटांत सह्याद्री पार करतात आणि ज्याला गाडी चालवण्याचंच सुख हवं तो जुन्या घाटाने जातो. जुन्या स्पोर्ट्स कारला यापेक्षा चांगलं अंगण मिळणार नाही. ताशी १२०च्या सरळ रस्त्यावर ती आजच्या साध्या हॅचबॅकपुढेही थिटी पडते. घाटात तिसऱ्या गिअरवर वळण घेताना ती काय चीज आहे ते कळतं.

वेग शिळा होतो, हे आधी मान्य करायला हवं. १९६०च्या दशकात जो वेग थक्क करायचा तो आज कुठल्याही टर्बो इंजिनाच्या कौटुंबिक गाडीत मिळतो. त्यामुळे ‘ही गाडी फार जोरात पळायची’ एवढ्या भांडवलावर कुठलीच गाडी संग्राह्य झालेली नाही. फेरारीची २५० जीटीओ ही जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांतली एक. १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनल्या. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं ती चक्क जुनी, कालबाह्य शर्यतीची गाडी म्हणून किरकोळ किमतीला हातोहात फिरत होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात त्यांपैकी एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. मधल्या काळात तिचा वेग काही वाढला नाही. तिचा प्रत्येक मालक, प्रत्येक शर्यत, प्रत्येक अपघात नोंदलेला राहिला, आणि लहानपणी तिची चित्रं भिंतीवर लावणारी पोरं मोठी होऊन श्रीमंत झाली.

याच फेरारीच्या बाजाराने माणसं बुडवलीही आहेत. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले. आधीच चढत असलेले भाव उधाणले. ज्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं त्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, गोदामात ठेवल्या. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि कित्येकांच्या हाती निम्म्याहून कमी किमतीची गाडी उरली. नुसती फेरारीची पाटी कामाला आली नाही.

आपल्याकडची सगळ्यात गाजलेली फेरारी सचिन तेंडुलकरची. डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी त्याने २००२ मध्ये बरोबरी केली, म्हणून फियाटने ३६० मोडेना भेट दिली. ती मायकेल शुमाकरच्या हस्ते मिळाली. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. आता नीट पाहिलं तर ३६० मोडेना ही काही दुर्मीळ गाडी नाही, हजारोंनी बनलेली आहे. पण या एका गाडीमागे ब्रॅडमन आहे, शुमाकर आहे, न्यायालयापर्यंत गेलेला वाद आहे. तिची प्रत्येक गोष्ट कागदावर सापडते. माझ्या मते भारतातल्या कुठल्याही आधुनिक स्पोर्ट्स कारपेक्षा तिची किंमत टिकण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्याला कारण तिचं व्ही-८ इंजिन नव्हे.

आपल्या मातीत बनलेली स्पोर्ट्स कारही आहे, हे फार थोड्यांना आठवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ बनवली. दोन माणसांची, उघड्या छपराची, फायबरग्लासच्या अंगाची छोटीशी गाडी. इंजिन रेनॉचं, जेमतेम १.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. त्या काळी लोकांनी तिला नाकं मुरडली. एवढ्या पैशात चार दारांची गाडी येते, मग दोघांसाठी ही कशाला? व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. थोड्याच बनल्या. आता ज्यांच्याकडे ती आहे ते सहसा विकत नाहीत. कोकण-गोव्याच्या पावसात तिचं फायबरचं अंग गंजत नाही, ही तिची मोठी पुण्याई. खालची चौकट लोखंडाची असल्याने ती मात्र पाहावी लागते. इंजिन परदेशी मोटारीतलं असल्याने त्याचे सुटे भाग अजून बाहेरून मागवता येतात. काच फुटली किंवा दिव्याची फ्रेम गेली तर खरी पंचाईत. तिच्यासारखी गाडी पुढे संग्राह्य ठरेल असं मला मनापासून वाटतं. आपण बनवलेली ती पहिल्या काही खऱ्या स्पोर्ट्स कारपैकी एक आहे, मग ती कितीही कमी पळो.

तिच्यानंतर आली दिलीप छाब्रियांची ‘अवंती’. २०१२च्या दिल्लीच्या प्रदर्शनात ती दिसली तेव्हा इंजिन मध्यभागी असलेली देशी स्पोर्ट्स कार म्हणून तिचं केवढं कौतुक झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने छाब्रियांना अटक केली. एकाच इंजिन आणि चेसिस नंबरावर एकाहून जास्त गाड्यांची नोंदणी झाल्याचा, त्यांवर कर्जं उचलल्याचा तो आरोप. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होईल. पण त्या दिवसापासून अवंती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न नंबराचा असणार, हे उघड आहे. गाडी देखणी असून भागत नाही. ती तीच आहे हे कागदावर उमटायला लागतं.

उमटायला लागतं हे अगदी शब्दशः. जुनी गाडी नावावर करताना चेसिस प्रिंट लागते. बॉनेट उघडून किंवा गाडीखाली शिरून नंबराची जागा शोधायची, तिथला ग्रीस आणि माती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढायची, कोरडं झालं की पातळ कागद घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. पांढऱ्या रेघांत आकडे वर येतात. जाणता माणूस त्या कागदावर गाडीचा इतिहास वाचतो. सगळे आकडे एका खोलीचे असले पाहिजेत. एखादा उथळ, एखादा तिरका, किंवा भोवतीच्या लोखंडावर ग्राइंडर फिरल्याच्या बारीक समांतर रेघा दिसल्या, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी तिथूनच मागे फिरावं. म्हशाच्या बाजारात बैलाचा ओठ वर करून दात बघतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की बैलाचे दात घासून नवे करता येत नाहीत.

आता शहापूर-मुरबाडच्या खऱ्या गाड्यांकडे येतो. इथल्या गावांत फेरारी नव्हती, कॉन्टेसाही क्वचित कुणाकडे. इथे होती जीप. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे इंजिनांचा कारखाना तर कसारा घाट चढून वर गेलं की इगतपुरीला. पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० या भागातल्या कच्च्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावली. वऱ्हाड, बाजारकरी, बाळंतीण, भाताची पोती, सगळं तिच्यातून गेलं. समृद्धीच्या भूसंपादनाचा मोबदला हाती आला तेव्हा अनेक दारांत नव्या कोऱ्या एसयूव्ही उभ्या राहिल्या आणि जुनी जीप भंगारात गेली किंवा गोठ्यामागे पडून राहिली. नवी एसयूव्ही शोरूमच्या बाहेर पडल्या दिवसापासून किंमत गमावते. गोठ्यामागच्या जीपचा भाव मात्र गेल्या काही वर्षांत चढला आहे, कारण पुण्या-मुंबईची हौशी माणसं गावोगाव फिरून अशाच गाड्या शोधतात. मला याचं वाईट वाटतं. ज्याने ती तीस वर्षं चालवली त्याच्या हाती भंगाराचा भाव, आणि रंग मारून कागद पूर्ण करणाऱ्याच्या हाती लाखो रुपये. आपल्या दारातली वस्तू काय मोलाची आहे हे शेतकऱ्याला कुणी तरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आणि दुसरी, आरएक्स १०० मोटारसायकल. ती मोटार नव्हे हे मान्य. पण ग्रामीण ठाण्यातल्या एका अख्ख्या पिढीला ‘स्पोर्ट्स’ म्हणजे काय ते तिने शिकवलं. ९८ सीसी, दोन स्ट्रोक, ११ अश्वशक्ती, वजनाला हलकी. १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली. आवाज आला की गल्लीच्या पलीकडून ओळखू यायची. नवी होती तेव्हा वीस हजारांच्या आसपास मिळायची. आज नीट दुरुस्त केलेली, मूळ कागदांची आरएक्स लाखाच्या वर सहज जाते. हे ऐकून प्रत्येक जण म्हणतो, बघा, भाव पाचपट झाला!

इथे थोडा हिशेब करू. १९९० मध्ये वीस हजार रुपये बँकेत ठेवले असते आणि सरासरी ९ टक्के चक्रवाढ धरली, तर ३५ वर्षांत ते चार लाखांवर गेले असते. त्याच पैशात शहापुरात जमिनीचा तुकडा घेतला असता तर काय झालं असतं ते इथल्या कुणालाही विचारा. उलट गाडीला या काळात टायर, बॅटरी, विमा, क्लच प्लेटा, पिस्टन, बोअर, रंग लागले. म्हणजे सगळ्यात यशस्वी समजली जाणारी संग्राह्य गाडीसुद्धा गुंतवणूक म्हणून मुदत ठेवीच्या मागेच राहिली. आज पाच लाखांना घेतलेली जुनी गाडी ७ टक्क्यांच्या ठेवीशी बरोबरी करायची तर दहा-सव्वादहा वर्षांत दहा लाखांना विकली गेली पाहिजे, शिवाय देखभालीचा सगळा खर्च वर निघाला पाहिजे. अशा गाड्या असतात. पण त्या आधी ओळखणं फार थोड्यांना जमतं. म्हणून ‘पैसे वाढतील’ म्हणून गाडी घेणाऱ्याला मी स्पष्ट सांगेन, घेऊ नका. चालवायची, जपायची असेल तर जरूर घ्या, पैसे बुडणार नाहीत एवढी काळजी घेता येते.

ती काळजी काय, हे शहापूर-मुरबाडच्या गॅरेजांत बसलं की कळतं. इथे पाऊस असा की तानसा, भातसा, वैतरणा भरून मुंबईची तहान भागते. तोच पाऊस गाडीचा वैरी. जुन्या गाडीचा पत्रा पाहणारा माणूस रंगाकडे बघतच नाही. तो पायाखालची मॅट उचलतो, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जमिनीच्या पत्र्यावर ठोकत जातो. चांगला पत्रा टणकन वाजतो, पुटिंग भरलेला बद्द वाजतो, कुजलेला आत दबतो. मग दारांच्या खालच्या कडा, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी. चुंबक फिरवला की जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटिंग आहे. डेंटिंगवाल्या मिस्त्रीचा हात चांगला असेल तर तो कुजलेला भाग कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडतो, हातोडी आणि डॉलीने बसवत नेतो आणि शेवटी पुटिंगचा नुसता हात फिरवतो. वाईट असेल तर पुटिंगच्या लगद्याने भोक बुजवतो, जे एका पावसाळ्यात फुगून बाहेर येतं.

इंधनाचा त्रासही नवा वाढला आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर मिळतं. नव्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या असतात. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीतले रबरी पाइप, डायफ्रॅम, वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते, ते कडक होतात किंवा फुगतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून जाणते मालक पावसाळ्याआधी टाकी रिकामी तरी करतात, नाही तर गाडी अधूनमधून चालवत राहतात. नुसती उभी ठेवलेली गाडी सगळ्यात लवकर मरते.

कार्बुरेटर जुळवणारा माणूस हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. आरएक्सचा प्लग काढून तो त्याचा रंग बघतो. वीटकरी तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरट असेल तर हवा जास्त, काळा ओलसर असेल तर तेल-पेट्रोल जास्त. मग एअर स्क्रू पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे, कानाने. याला स्कॅनर लागत नाही, वर्षांचा कान लागतो. आजचा मुलगा बीएस-६ गाडीला लॅपटॉप लावून दोष शोधायला शिकतो, ते शिकलंच पाहिजे, त्यातच त्याची भाकरी आहे. पण मुंबईचा हौशी गृहस्थ चाळीस लाखांची जुनी गाडी घेऊन फिरतो तेव्हा तिची खरी किंमत या पन्नाशी-साठीच्या मिस्त्रीच्या कानावर टांगलेली असते. तो काम थांबवेल तेव्हा गाडीचं काय? तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना अशा माणसाच्या हाताखाली काही महिने काढायला लावले तर ते मोठं काम होईल. जर्मनी-इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची दुरुस्ती हा चांगला पैसा देणारा स्वतंत्र धंदा आहे. तो शहापूर-मुरबाडला होऊ शकतो, कारण मुंबईपासून दोन-अडीच तासांवर मोकळी जागा, कसलेले हात आणि गाडी चालवून पाहायला दोन घाट एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार?

आता कायदा. मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून मान्यता मिळाली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते, नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरण्यासाठी रस्त्यावर आणता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, अंग किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. चांगला नियम आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक रस्त्यावर येते तेव्हा लोकांना काय वाटतं ते पाहिलं, की अशा गाड्यांना संरक्षण का हवं ते सांगावं लागत नाही.

गावातली पोरं मात्र नेमकी ही अट पायदळी तुडवत आहेत. जीपला ट्रॅक्टरसारखे टायर, कापलेलं बॉनेट, आरएक्सला कर्कश सायलेन्सर. त्यांना हौस आहे, मला ती कळते. पण काढलेला मूळ सायलेन्सर भंगारवाल्याला विकू नका, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. वीस वर्षांनी त्या पोत्याची किंमत मोटारसायकलच्या निम्मी असेल.

खरी अडचण मधल्या वर्षांची आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. २०२२ मध्ये मोटारीचं फेरनोंदणी शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीला ते दहा हजार झालं, मोटारसायकलीला दोन हजार. एकट्या गाडीला हे फार नाही. पण पंधरा ते पन्नास म्हणजे ३५ वर्षं गाडी ना नवी ना विंटेज, नुसती ‘जुनी’. धुराच्या नावाने, स्क्रॅप धोरणाच्या नावाने प्रत्येक टप्प्यावर तिला बाजूला करण्याचीच घाई. दिल्लीत तर दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद करण्याचा आदेश निघाला आणि तिथल्या चांगल्या गाड्या कवडीमोलाने इतर राज्यांत गेल्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली तशी ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, सगळ्या महाराष्ट्राने जिच्यातून कधी ना कधी प्रवास केला. त्यांतल्या किती पन्नाशी गाठतील?

बाहेर याचा विचार कधीच झाला आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांच्या गाडीला तपासणी करून ‘एच’ अक्षराची पाटी मिळते, करात सवलत मिळते, शहरांच्या प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात शिरता येतं. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो. अशा गाड्या वर्षाला थोडे किलोमीटर चालतात, त्यांच्या धुराने शहराची हवा बिघडत नाही, हे तिथल्या सरकारांनी मान्य केलं. आपल्याकडेही तीस वर्षांची एक पायरी हवी. कडक तपासणी असू द्या, किलोमीटरची मर्यादा असू द्या, शुल्कही घ्या. पण गाडीला नाव द्या.

ही पायरी आली तर भाव कसे बदलतील, ते म्हशाच्या बाजारात २०२३ नंतर सगळ्यांनी पाहिलं आहे. शेवटची आरएक्स १०० कारखान्यातून १९९६ मध्ये बाहेर पडली. तीस वर्षांच्या नियमाने तिला २०२६ मध्येच ऐतिहासिक म्हणवून घेता आलं असतं. सॅन स्टॉर्मचा नंबर त्यानंतर दोन-तीन वर्षांत लागला असता. आजच्या नियमाने आरएक्सला २०४६पर्यंत थांबायचं आहे आणि सॅन स्टॉर्मला त्याहून पुढे.